वैशाखातील गोधडी

वैशाखाच्या भर दुपारी गोधडीची गोष्ट काढणारा माणूस चारचौघांना थोडा विक्षिप्त वाटला, तर त्यात नवल नाही. दिल्लीत या दिवसांत पारा कित्येकदा ४४-४५ अंशांवर जातो, पश्चिमेकडून लू वाहू लागते आणि कूलरसमोरच्या जागेसाठी घराघरांत लहानथोरांची चढाओढ लागते. अशा वेळी आमच्या गच्चीवरील दोरीवर तीन गोधड्या ऊन खात असलेल्या पाहून शेजारच्या बीजी दर वर्षी मला विचारतात, "बेटी, आमच्या रजया होळीलाच पेटीत गेल्या. तुझी थंडी अजून संपली नाही का?" मी हसून वेळ मारून नेते. गोधडी नुसती पांघरणाऱ्याला तिची आठवण पौषात होते. पण जिला गोधडीचा लळा आहे, तिचा हंगाम चैत्र-वैशाखाचाच असतो, हे त्यांना एका वाक्यात कसे सांगावे?

माझे माहेर सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या बाजूला. हा प्रदेश पर्जन्यछायेतला, ज्वारीचा. सोलापूरची चादर देशभर गेली. आमच्या घरात मात्र पाहुण्यांसाठी चादर आणि घरच्यांसाठी गोधडी, अशी वाटणी असे. रब्बीची ज्वारी निघाली, कडबा रचून झाला, की जूनच्या आरंभी मृग नक्षत्र लागेपर्यंत शिवारात बायकांना फारसे काम उरत नसे. त्या रिकाम्या, तापलेल्या महिन्यांत ओसरीवर जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरली जात. चारही बाजूंनी बायका बसत आणि काठाकडून मध्याकडे धावदोरा घालीत सरकत. त्या चौकोनाभोवती गावातल्या सोयरिकी ठरत, भांडणे मिटत, आणि कधी कधी नवी सुरूही होत.

धुण्यासाठीही हाच काळ योग्य. भिजलेली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही. तिला दोघींनी दोन टोकांना धरून पिळावे लागते. इतर ऋतूंत ती चार दिवस ओलीच राहते आणि तिला कुबट वास येतो. वैशाखात ती संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळते. शिवाय या कोरडेपणाचा आणखी एक उपकार आहे. अंथरुणाच्या धुळीत वाढणारे सूक्ष्म जीव पाणी पीत नाहीत. ते हवेतला ओलावा शोषून जगतात. हवा कोरडी पडली, की त्यांचा निभाव लागत नाही. हे शास्त्र आमच्या आजीला ठाऊक नव्हते. पण गोधडी उलटी करून वाळत घालावी, म्हणजे वरच्या बाजूचा रंग उडत नाही, आणि नंतर घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा, एवढे तिला पक्के माहीत होते. दुष्काळाच्या वर्षी मात्र धुणे राहून जाई. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्या उन्हाळ्यात आमच्या गावीही गोधड्या नुसत्या काठीने झोडपून उन्हात टाकल्या गेल्या. पिण्याचे पाणी टँकरच्या रांगेत उभे राहून मिळत असताना गोधडीसाठी पाणी मागण्याचे धाडस कोण करणार?

उन्हाळ्यात गोधडी नुसती वाळतच पडलेली असते, असेही नाही. पठारावरची रात्र दिवसासारखी निष्ठुर नसते. अंगणात गोधडी अंथरून झोपावे आणि पहाटे गार वारा सुटला, की तिचाच एक पदर अंगावर ओढून घ्यावा. तिच्या अनेक पातळ थरांमध्ये हवा अडकून राहते, आणि ती अडकलेली हवाच ऊब राखते. सुती कापड घाम टिपते, म्हणून खाली अंथरली तरी ती अंगाला चिकटत नाही.

अनुवाद हा माझा व्यवसाय असल्यामुळे गोधडीने मला कचेरीतही सोडलेले नाही. 'क्विल्ट' या इंग्रजी शब्दासमोर कोशात 'रजई' असे लिहिलेले असते, आणि तेथेच माझी लेखणी अडते. रजईच्या पोटात पिंजलेला कापूस असतो; गोधडीच्या पोटात कापडच असते, आणि तेही घरातल्या माणसांनी वापरून मऊ केलेले. बंगाली सहकारिणीचा 'काँथा' हा शब्द मला अधिक जवळचा वाटतो. संस्कृतातल्या 'कन्था' या शब्दाने संन्याशाचे ठिगळांचे वस्त्र सांगितले जाते. आपल्याकडे गाडगेबाबांना त्यांच्या तशाच वेषामुळे लोक गोधडेबुवा म्हणत. बंगालच्या स्त्रिया जुन्या साडीच्या काठातून रंगीत दोरे उसवून काढीत आणि त्याच दोऱ्यांनी काँथ्यावर कमळे व हत्ती रेखीत. बिहारात मुजफ्फरपूरजवळच्या भुसुरा गावच्या स्त्रिया सुजनीवर आपल्या जगण्यातले प्रसंग टाक्यांनी उतरवतात. आमच्या सीमेपलीकडे कन्नड मुलखात 'कौदी' आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले आणि त्यांची बोली कोकणी-मराठीशी नाते सांगणारी. त्यांच्या 'कवंद' नावाच्या गोधडीच्या चार कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या शिवलेल्या असतात. त्यांना 'फुला' म्हणतात. फुलांवाचून कवंद पुरी झाली, असे तेथे मानीत नाहीत. भाषा बदलतात, टाका मात्र बहुतेक ठिकाणी तोच, साधा धावदोरा.

हे सारे लिहायला सोपे आहे. यंदाच्या उन्हाळ्याने मात्र माझ्यापुढे एक खराखुरा प्रश्न टाकला. लग्नात आईने मला दिलेली गोधडी या वर्षी वाळत घालताना मध्यावर वीतभर फाटली. पूर्वी असे काही झाले, की ती माहेरी जाई आणि नवी होऊन परत येई. पण गेल्या वर्षी आईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, आणि सांधेदुखीमुळे तिची बोटे आता सुई धरीत नाहीत. कोणी सुचवले, की गोधडी काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावावी. ती आईच्या हातची शेवटची खूण आहे. दुसऱ्या कोणी यंत्रावर शिवून घेण्याचा सल्ला दिला. आईला मी दूरध्वनीवर विचारले, तेव्हा तिने नेहमीचा उपाय सांगितला, "वरून नवे कापड घाल आणि पुन्हा टाके मार."

"पण आई, मग तुझे टाके दिसायचे नाहीत."

"अगं, माझ्या टाक्यांखाली काय आहे, ते तू कधी पाहिलेस का? कोपरा उसवून बघ."

मी एक कोपरा उसवला. आईच्या हिरव्या इरकली लुगड्याखाली आणखी एक गोधडी निघाली, तिचे टाके अधिक बारीक आणि जवळजवळ. ती आजीची होती. तिच्याही पोटात धान्याच्या जुन्या पिशवीचे जाडेभरडे कापड होते. त्यावरची अक्षरे आता वाचता येत नाहीत. पण आईने सांगितले, की ती १९७२ च्या दुष्काळातली आहे. त्या वर्षी आजी खडी फोडायला जाई, सुकडी आणि मिलो यांवर घर चाले, आणि घरात आलेले कोणतेही धड कापड वाया जात नसे. ती पिशवी आजीने झाकली, आजीचे टाके आईने झाकले. झाकले म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. चौकटीचा विचार मी त्याच दिवशी सोडून दिला.

मग अडचण आली ती कापडाची. माझ्या कपाटात साड्या पुष्कळ. पण त्यांतल्या बहुतेक कृत्रिम धाग्याच्या. त्या जुन्या होतात, पण मऊ होत नाहीत, घाम टिपत नाहीत आणि एकमेकींवरून घसरतात. गोधडीला बायकांच्या हातांइतकीच वापरून विरलेल्या सुताची गरज असते, आणि ते सूत आता आपल्या घरांतून नाहीसे होत चालले आहे. अखेर माझ्या दोन सुती साड्या, यजमानांचे एक धोतर आणि आठ वर्षांच्या लेकीचा आखूड झालेला झबलेवजा झगा एवढे भांडवल जमले. झगा तिने स्वतःहून आणून दिला आणि तो कोणत्या कोपऱ्यात बसेल, हेही आधी विचारून घेतले.

रोज पहाटे पाच ते साडेसहा मी शिवते. पुढे फरशी तापते आणि घामाने सुई बोटांतून निसटते. लेक दोरा ओवून देते; अलीकडे तिने स्वतःचीही एक ओळ घातली आहे. ती वाकडी आहे, पण मी ती उसवलेली नाही. दिल्लीत पाऊस साधारणतः जूनच्या अखेरीस येतो; त्याआधी शेवटचा टाका पडला पाहिजे. मध्यावर आता दोन वितींचा चौकोन उरला आहे. आमच्याकडे तो मिटवण्यापूर्वी आत भाकरीचा एक लहान तुकडा ठेवतात, गोधडीचे पोट रिकामे राहू नये म्हणून. आईने गावाकडून ज्वारीचे पीठ पाठवले आहे. ते मी निराळ्या डब्यात काढून ठेवले आहे.