पोरीला गाडी लागते तेव्हा

सोयाबीन काढून झालं अन् टेंभुर्णीहून शेगावला निघालो. चिखलीच्या पुढं पोरीला गाडी लागली. मी खेकसलो, "जरा दम धर की!" तिनं ओठ घट्ट मिटले अन् फ्रॉकवरच ओकली. लई वाईट वाटलं.

चूक माझीच. निघताना पोटभर पुरी-भाजी चारली, वर हातात मोबाईल दिला. डोळ्यांना स्क्रीन स्थिर दिसते, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो गाडी हलतेय. या घोळातच मळमळतं. दोन ते बारा वर्षांच्या लेकरांना जास्तच.

येताना हलकं खाऊ घातलं, मागं मधोमध पट्टा लावून बसवलं, लांब समोर बघायला लावलं, काच थोडी उघडी ठेवली. अधूनमधून थांबलो. पोरगी हसतच घरी आली.

मंडळी, लेकरावर खेकसू नका, गाडी थांबवा.