म्हापशाचा शुक्रवार

गोव्याला जाणारी माणसे समुद्र बघून परततात. वाचक हो, तुम्ही कधी तिकडे गेलात तर समुद्र जरूर पाहा, पण एक शुक्रवार म्हापशासाठी राखून ठेवा. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला तिथे बघण्यासारखे पुष्कळ आहे, आणि शिकण्यासारखे त्याहून जास्त.

म्हापसा हे बार्देश तालुक्याचे ठिकाण, पणजीच्या उत्तरेला सुमारे १३ किलोमीटरवर. घाटावरून येणाऱ्यांनी आंबोली उतरून सावंतवाडी, बांदा असे यावे. कोकण रेल्वेने आलात तर थिवी स्टेशन जवळ पडते. बाजार इतर दिवशीही असतो, पण शुक्रवारी आसपासची खेडी इथे लोटतात. गावाचे नाव 'माप' या शब्दावरून पडले असे सांगतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सकाळी लवकर जा. मातीची मडकी, केरसुण्या, आमसोले, सुकी मासळी, नारळाचे ढीग, रोपे आणि बियाणे असे काय काय मांडलेले असते. मयड्याची मोठाली केळी इथे मिळतात. मयडे गाव म्हापशाच्या शेजारीच आहे. पेडण्याकडची हरमल मिरची येते. या केळ्यांना आणि मिरचीला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पावसाळ्याच्या तोंडावर गेलात तर आणखी गर्दी दिसेल, कारण चार महिन्यांची बेगमी करायला सारे गोवा बाजारात उतरते. या बेगमीला तिकडे 'पुरुमेंत' म्हणतात.

पण माल बघून झाला, की एका कडेला उभे राहा आणि विकणाऱ्या बायांकडे बघा. मी तसाच तासभर उभा होतो.

पुढ्यात बसलेली बाई वयाने पन्नाशीची असावी. भेंडी, वांगी, मिरच्या, लाल भाजी एवढाच तिचा माल. गोणपाटावर तिने वाटे लावले होते. एक गिऱ्हाईक आले, तसे तिने भाव सांगण्याआधी विचारले, "आईचा पाय बरा झाला का?" बोलता बोलता भाजी पिशवीत गेलीसुद्धा. दुसरी एक मुलगी वांग्यांना हात घालू लागली, तर ही म्हणाली, "बाय, ती कालची आहेत. आज भरून करणार असलीस तरच ने, उद्यापर्यंत राहायची नाहीत." तिसऱ्याने कोकम मागितले. ते हिच्याकडे नव्हते. तिने शेजारणीकडे बोट दाखवले, आणि थोड्या वेळाने शेजारणीने एक गिऱ्हाईक हिच्याकडे धाडले. एकाने फारच घासाघीस केली. ती रागावली नाही, भावही उतरवला नाही. वरून दोन मिरच्या घातल्या आणि हसली. तो माणूस पैसे देऊन गेला.

मला आमचे दिवस आठवले. काही वर्षांपूर्वी आम्ही तालुक्याच्या बाजारात टोमॅटो घेऊन बसत होतो. पाटीत वर ठसठशीत फळे, खाली बारीक आणि दबलेली. दोन आठवडे माल झटपट खपला. तिसऱ्या आठवड्यापासून गिऱ्हाईक मान फिरवून पुढे जाऊ लागले. पुढे एकदा निम्मा माल घरी परत आला, तो जनावरांपुढे टाकावा लागला. मी बाजाराला आणि लोकांना शिव्या घातल्या. घरची एवढेच म्हणाली, "पाव्हण्याच्या ताटात ताजी भाकरी वर आणि शिळी खाली, असे वाढता का कधी?" मला उत्तर सुचले नाही.

म्हापशाच्या वाट्यात वर आणि खाली असे काही नसते. जे आहे ते उघड्यावर. नुसते गोड बोलून तिथे भागत नाही, कारण पुढच्या शुक्रवारी तेच गिऱ्हाईक पुन्हा समोर उभे राहणार असते.

मंडळी, आपल्याला बोलता येत नाही म्हणून विकता येत नाही, असे आपण म्हणतो. ते खरे आहे का? दारी आलेल्याला आपण आधी पाणी देतो. सोयऱ्याच्या घरच्या आजाऱ्याची चौकशी करतो. सावडीला जातो, तेव्हा आज मी तुझ्या रानात आणि उद्या तू माझ्या, हा हिशेब कागदावाचून पाळतो. हळदीकुंकवाला आलेली एकही बाई रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. विक्रीला लागते ते एवढेच. फक्त बाजारात बसलो की आपण ते घरी ठेवून येतो.

सगळाच माल असा विकता येणार नाही. दहा एकरांतला कांदा कुणी गोणपाटावर मांडून बसत नाही. तो बहुधा बाजार समितीतच जातो. तिथे आडत्या आणि व्यापारी भेटतात, खाणारा भेटत नाही. पण भाजीपाला आणि फळे यांचे तसे नाही. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला. आवाराबाहेर थेट गिऱ्हाइकाला माल विकण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. त्या वाटेवरून चालायचे, तर आपण समोरच्याशी कसे वागतो यावर पुष्कळसे अवलंबून आहे.

तेव्हा येत्या आठवडी बाजाराला एवढे करून बघा. पाटी उपडी करून माल पसरा. डागी फळे वेगळी काढा आणि ती डागी आहेत असे सांगूनच स्वस्तात द्या. दोन गिऱ्हाइकांची नावे विचारून घ्या आणि पुढच्या आठवड्यात त्यांना नावाने हाक मारा. आमच्या घरी आता पाटी घरचीच भरते. माल परत येत नाही असे नाही, पण गिऱ्हाईक परत येते.

माप भरून द्यायचे ते तराजूत, आणि शब्दातसुद्धा. म्हापशाच्या त्या बाईने मला हे न सांगता शिकवले. तिच्याकडून मी मिरच्यांचा एक वाटा घेतला. वरच्या दोन मिरच्या तिने मलाही दिल्या.