बोलण्याआधीचा श्वास

बोलायच्या आधी माणूस एक छोटासा श्वास आत घेतो. बैठकीत दहाबारा जण असले की हा श्वास बहुतेकदा वाया जातो. दुसरंच कुणीतरी सुरू होतं, ओठ मिटतात, आणि त्या माणसाला ठाऊक असलेली गोष्ट त्याच्याबरोबर घरी जाते. न्यू जर्सीत मी टीम्सबरोबर काम करतो, इस्पितळांतल्या, औषध कंपन्यांतल्या. कार्डावर ‘फॅसिलिटेटर’ छापलंय, पण पोट भरलं ते या श्वासावर. आता डावा कान जवळजवळ गेला. वयाबरोबर आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात. म्हणजे नेमका हाच. कानातलं यंत्र एसीची घरघर मात्र इमानेइतबारे वाढवून देतं.

माहीत असलेला माणूस बोलत का नाही? 1985 मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅसर आणि टायटस यांनी विद्यार्थ्यांच्या गटांना अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला लावला. सगळी माहिती सगळ्यांना दिली तेव्हा बहुतेक गटांनी सरस उमेदवार बरोबर हेरला. तीच माहिती तुकडे करून वाटली, तेव्हा बहुतेक गट फसले. जे सगळ्यांना आधीच माहीत होतं त्यावरच चर्चा रंगली. एकट्याकडचा तुकडा निघेना, निघाला तरी कुणी उचलेना. हे ‘उचलेना’ मला जास्त छळतं. बोलतं करणं एकवेळ जमतं. बोललेलं टेबलावर टिकवायचं कसं? सोलोमन अ‍ॅशच्या रेषांची लांबी ताडून बघायच्या प्रयोगात खोट्या बहुमतापुढे एकटा पडलेला माणूस साधारण एक तृतीयांश वेळा मान तुकवायचा. खरं बोलणारा एक सोबती मिळाला की हे प्रमाण त्याच्याही चौथाईवर यायचं. तो पहिला सोबती आपण व्हायचं, एवढाच माझा धर्म. पण मी तर बाहेरचा, फी घेऊन आलेला. माझी सोबत कितीशी धरायची?

ऑफिसात निदान पगार असतो. आपल्या मंडळांत तोही नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 मध्ये शिकागोत स्थापन झालं. तेव्हापासून अमेरिकाभर मराठी माणसं शनिवार-रविवार कमिट्यांमध्ये घालवताहेत. एका मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगला मी नुसता चहा प्यायला बसलो होतो. हॉलचं भाडं या एकाच विषयावर तास गेला, आणि भाडं तर सगळ्यांना पाठ होतं. कोपऱ्यातल्या नव्या सूनबाईंनी दोनदा श्वास घेतला, दोनदा सोडला. मग पार्किंग लॉटमध्ये, गाडीचं दार उघडता उघडता त्या म्हणाल्या, “त्या हॉलमध्ये कापूर पेटवला की फायर अलार्म वाजतो हो. आमच्याकडच्या बारशाला वाजला होता.” मग आत का नाही बोललात? “सगळे मोठे बोलत होते ना.” लाख डॉलर फी घेणाऱ्या सल्लागारांना माझं सांगणं आहे, आधी पार्किंग लॉटमध्ये उभे राहा.

ते राहणार नाहीत. त्यांच्याकडे कच्च्या स्पॅगेटीचे मनोरे आहेत, माणसांना लाल-पिवळ्या-हिरव्या स्वभावांत बसवणाऱ्या चाचण्या आहेत. एमी एडमंडसनने 1999 मध्ये एका फर्निचर कंपनीतल्या टीम्सचा अभ्यास करून ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’वर, म्हणजे न घाबरता बोलता येण्यावर, नेटका निबंध लिहिला. पुढे गूगलने आपल्या टीम्समध्ये तेच सापडल्याचं सांगितलं, आणि आता ते शब्द पँट्रीत कॉफीच्या मशीनवर चिकटवलेले असतात. खालीच मॅनेजर कुणाचं तरी वाक्य तोडत असतो.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनचं मला म्हणूनच अजून अप्रूप. 1946 च्या उन्हाळ्यात कनेटिकटमधल्या न्यू ब्रिटनला त्याच्या शिबिरात संध्याकाळी संशोधक दिवसभराच्या निरीक्षणांवर आपसांत बोलत असत. शिबिरार्थींपैकी काहींनी आम्हीही बसू का, असं विचारलं. लेविनने बसू दिलं. एका बाईंबद्दलचं निरीक्षण वाचलं गेलं, तेव्हा असं घडलंच नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे सुनावलं. निरीक्षकाला सुनावणाऱ्या त्या आवाजातून टी-ग्रुप, म्हणजे स्वतःच्याच वागण्यावर बोलून शिकणारा गट, जन्मला. पुढच्या वर्षी मेनमधल्या बेथेलला त्याची रीतसर शाळा भरली. लेविन त्याआधीच, फेब्रुवारीत गेला होता.

आता माझ्याकडे एक मुलगी शिकते. इथेच जन्मलेली, घरी मला काका म्हणते, क्लायंटसमोर पहिल्या नावाने हाक मारते. ती श्वासबिस ऐकत नाही. चर्चेआधी प्रत्येकाला कोरं कार्ड देते, गप्प बसून लिहायला लावते, मग ओळीने वाचून घेते. डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन यांची सत्तरच्या दशकातली साधी पद्धत. अलार्मची गोष्ट तिच्या कार्डावर दहा मिनिटांत आली असती, हे मला कळतं. कळतं आणि झोंबतं. “तुम्हाला कसं कळलं मी बोलणार होते?” हे वाक्य ऐकायला मी वर्षानुवर्षं बैठकांना गेलोय. कार्डाला असं कुणी विचारत नाही.

शिवाय मला वाटतं, कार्डावर माणूस निभावता येईल तेवढंच लिहितो. श्वास त्याच्या अलीकडचा असतो. हे मी तिला सांगितलं. “काका, पण याचा पुरावा?” तिने विचारलं. पुरावा नाही.

परवा तिने विचारलं, खुर्च्या अशा तिरक्या का मांडता, गप्प बसणाऱ्यांना नेहमी तुमच्या उजवीकडे का? मी बेल्सचं नाव घेतलं, हार्वर्डच्या एकतर्फी आरशामागून त्याने बारा रकान्यांत टिपलेल्या चर्चा सांगितल्या. तिने सगळं लिहून घेतलं. उजव्या कानाचं मी काही बोललो नाही.