चष्मा

आमच्या अण्णांच्या चष्म्याला एक घर होते, पण चष्मा त्या घरात सहसा सापडत नसे. तो कधी पंचांगाच्या पोटात निघे, कधी दाढीच्या सामानात, आणि एकदा तर तांदळाच्या डब्यावर निघाला होता. रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या घरात ही शोधमोहीम चाले. अण्णा दोन्ही हात पुढे करून टेबल, खुंटी, खिडकीची चौकट असे चाचपडत फिरत आणि साऱ्या जगावर चिडत. आई ओट्यापाशी उभी राहूनच सांगे, “रेडिओच्या मागं बघा.” आणि चष्मा तिथेच असे.

अण्णा शाळेत संस्कृत शिकवीत. चष्मा नाकावर बसला, की त्यांचा राग ओसरे आणि त्यांच्यातला मास्तर जागा होई. “चष्मा शोधायला चष्मा लागतो, ही खरी पंचाईत! आत्म्याचंही असंच आहे बघ. ज्यानं शोधायचं, त्यालाच शोधायचं.”

लहानपणी मला ही अण्णांची थट्टा वाटे. पुढे कळले, की ती याज्ञवल्क्यांकडून उसनी घेतलेली होती. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत उषस्त नावाचा एक ब्राह्मण त्यांना सरळ विचारतो, की तो आत्मा मला दाखवा. आणि याज्ञवल्क्य त्याला सांगतात, की पाहणे ज्याच्यामुळे घडते, तो पाहणारा तुला पाहता यायचा नाही.

हे याज्ञवल्क्य म्हणजे आमच्या घरातले जवळचे नातेवाईकच होते म्हणा ना! घर सोडून वनात निघताना त्यांनी आपल्या दोन बायकांमध्ये, मैत्रेयी आणि कात्यायनी यांच्यामध्ये, वाटणी करायचे ठरवले. मैत्रेयी म्हणाली, धनाने जर अमर होता येत नसेल तर ते घेऊन मी काय करू? तेव्हा त्यांनी तिला आत्मज्ञान सांगितले. पाण्यात विरघळलेला मिठाचा खडा पुन्हा उचलता येत नाही, पण पाणी कुठूनही चाखले तरी खारटच लागते. तसेच हे आहे. आणि इथून गेल्यावर वेगळी अशी जाणीव उरत नाही. हे ऐकून ती विदुषी मैत्रेयीदेखील गोंधळून गेली. नवरा जन्माचा निरोप घेतो आहे आणि वर सांगतो आहे, की मागाहून जाणीव राहत नाही. कोण गोंधळणार नाही? त्यावर त्यांनी उलगडा केला तो असा, की जिथे दोन असतात तिथे एकाने दुसऱ्याला पाहायचे. सगळे एकच झाल्यावर कोणी कोणाला आणि कशाने पाहायचे?

ही कथा अण्णा मोठ्या रंगात सांगत. आई मात्र म्हणे, “मी आपली कात्यायनी. मैत्रेयीला ज्ञान मिळालं असेल, पण घरातलं तूप कुठल्या बरणीत आहे ते कात्यायनीलाच ठाऊक असणार.”

मी कॉलेजात तत्त्वज्ञान हा विषय घेतला आणि पहिल्याच वर्षी चार्वाकपंथी झालो. त्या वयात बहुतेक जण होतातच. मी अण्णांना ऐकवीत असे, की मद्याच्या कुठल्याही एका घटकात नशा नसते, पण ते घटक एकत्र आंबले की ती उत्पन्न होते. तशीच चारी भूते एकत्र आली की शरीरात जाणीव उत्पन्न होते. शरीर गेले की तीही गेली. अण्णा शांतपणे विचारीत, “बरं, पण ती नशा चढते कुणाला?” मी निरुत्तर होई, आणि माझ्या निरुत्तर होण्याने त्यांना चहा अधिक गोड लागे.

त्याच काळात अभ्यासात मला एक राजकन्या भेटली. बोहेमियाची एलिझाबेथ. घराण्याचे राज्य गेल्यामुळे ती हॉलंडात आश्रयाला होती. तत्त्ववेत्ता देकार्त याने प्रतिपादन केले होते, की मन आणि शरीर या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत. शरीर जागा व्यापते. मन जागा व्यापत नाही, ते केवळ विचार करते. सन १६४३ मध्ये या चोवीस वर्षांच्या मुलीने त्याला पत्र लिहून विचारले, की ज्याला आकार नाही, स्पर्श नाही, ते मन या हाडामांसाच्या हाताला हलवते तरी कसे? तिचे म्हणणे असे, की जागा न व्यापणारी वस्तू शरीराला ढकलते यापेक्षा आत्माच जागा व्यापतो, हे मानणे मला सोपे वाटते. देकार्तने तिला उत्तर पाठवले. ते मी परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो.

ते मला आठवले २०१९ च्या श्रावणात.

पहाटे पाचला अण्णा गेले. वय एक्याऐंशी. झोपेतच गेले. डॉक्टर येऊन नाडी पाहून गेले. मी नातेवाइकांचे नंबर शोधण्यासाठी अण्णांच्या टेबलाचा खण उघडला, तर विजेच्या बिलांच्या वर नेत्रदानाचे कार्ड होते. खाली अण्णांची वळणदार सही. मला याचा पत्ता नव्हता, आईला तर नव्हताच. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, आणि मृताने कार्ड भरलेले असले तरी घरच्यांची संमती घेतात, एवढे मला ठाऊक होते.

मी आईला सांगितले. ती अण्णांच्या उशाशी बसली होती. बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “डोळे काढून घेतले, तर पुढल्या जन्मी हे आंधळे नाही ना व्हायचे?”

वाचकहो, या प्रश्नाला हसू नका. मीही हसलो नाही. उलट माझ्यातला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी नको त्या वेळी जागा झाला. मी तिला म्हणालो, “आई, जुना सदरा टाकून नवा घालावा तसा जीव शरीर बदलतो, हे तू गीतेत रोज वाचतेस. मग टाकलेल्या सदऱ्याची दोन बटणं कुणाला दिली, म्हणून नव्या सदऱ्याला बटणं नसतील का?” आणि मग अण्णांनीच शिकवलेले सारे तिला सांगितले. आपल्या शास्त्रात दिसणारा डोळा म्हणजे इंद्रियच नव्हे. तो नुसता गोलक, इंद्रियाच्या राहण्याची जागा. खरे इंद्रिय सूक्ष्म असते. पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच प्राण, मन आणि बुद्धी अशा सतरांचे सूक्ष्म शरीर जीवाबरोबर पुढे जाते, असे वेदान्ती सांगतात. आपल्याकडे मनसुद्धा आत्मा नव्हे. तेही प्रवासाचे सामानच. गोलक इथेच राहतात आणि जळून जातात.

आईने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, “ते तुझं सतरा तुकड्यांचं शरीर मला कधी दिसलं नाही रे. पन्नास वर्षं माझ्याकडे बघितलं, ते ह्याच डोळ्यांनी.”

मी गप्प झालो. हॉलंडातल्या राजकन्येचाच हा प्रश्न होता. आत्मा आणि शरीर निराळे म्हणता, मग ज्याच्याशी मी संसार केला, तो या दोहोंपैकी कोण? याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. घड्याळ मात्र पुढे चालले होते. सहा वाजले. सव्वासहा झाले. मी खिशात कार्ड घेऊन नुसता येरझारा घालीत होतो. अण्णांची इच्छा मोडावी, की आईचे मन मोडावे?

साडेसहाला आईची नजर टेबलाकडे गेली. चष्मा तिथे होता. चक्क आपल्या घरात, झाकण लावून. त्या दिवशी त्याला शोधणारे कोणी नव्हते.

आई उठली. तिने चष्मा हातात घेतला, पदराने पुसला. “ह्या वेळी कसे चाचपडत फिरायचे, नाही? दहा मिनिटं दिसलं नाही, तर केवढा त्रागा करायचे,” ती म्हणाली. “कुणी जन्मभर तसं चाचपडत असेल. कर तू फोन.”

फोनवरून सूचना मिळाल्या: पंखा बंद करा, डोक्याखाली उशी घ्या, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा. कापूस आईनेच ठेवला आणि सुकू लागला तसा तिनेच पुन्हा ओला केला. नेत्रपेढीची माणसे आली. वीसेक मिनिटांत त्यांचे काम झाले. अण्णांचा चेहरा होता तसाच दिसत होता.

मागाहून मी या विषयावर थोडे वाचले. दुसऱ्याला बसवतात तो आख्खा डोळा नव्हे, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्यात रक्तवाहिन्या नसतात. १९०५ साली, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स गावी, एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी चुन्याने दृष्टी गेलेल्या एका मजुराला असा पडदा प्रथम यशस्वीपणे बसवला.

आणि देकार्तचे ते विसरलेले उत्तरही मी पुन्हा काढून वाचले. राजकन्येच्या खोदून विचारण्यापुढे त्या बुद्धिमान माणसाने अखेर लिहिले होते, की आत्मा आणि शरीर यांची जोड चिंतनाने कळत नाही. ती कळते रोजच्या जगण्यातून आणि साध्या गप्पागोष्टींतून. हे वाचले आणि मला आमची कात्यायनी आठवली. उपनिषदात ती एक अक्षरही बोलत नाही. वाटणीत तिला घर मिळाले असेल. पण ज्या माणसाचा आत्मा शोधण्यात मैत्रेयी गुंतली होती, त्याच्या वस्तू कुठे आहेत हे तिलाच माहीत असणार. आत्मा पुढे जातो की नाही, हे मला आजही ठरवता आलेले नाही. पण ज्याच्यावर माया केली, त्याचे शरीर ‘हे नुसते वस्त्र’ म्हणून देऊन टाकणे सोपे. ‘हाच तो’ हे ठाऊक असून देणे कठीण. आईने दिले ते असे.

दिवाळीत आई पणतीने पणती लावते. ग्रीक राजा मिलिंदाने भिक्षू नागसेनाला विचारले होते, की काहीही एकीकडून दुसरीकडे न जाता पुनर्जन्म कसा होईल? नागसेनाने दाखला दिला तो एका दिव्याने दुसरा दिवा लावण्याचा. गेल्या वर्षी हे मी आईला सांगितले. ती म्हणाली, “तेल मात्र ज्याच्या त्याच्या पणतीत वेगळं घालावं लागतं.”

पणत्या लावून झाल्या, तरी ती पायरीवर उभीच होती. रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे, त्यांचे डोळे निरखीत होती. ज्यांना अण्णांचे डोळे मिळाले, त्यांची नावे कळवीत नाहीत. मी म्हणालो, “आई, तो पडदा काचेसारखा असतो. त्याला ना रंग, ना काही खूण. ओळखू येणं शक्य नाही.”

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “म्हणून काय बघू नये?”