सुराबाया ते परळ : नाविकांच्या संपातली विसरलेली मागणी

१/
फेब्रुवारी १९४६च्या नौदल उठावाची कारणे आम्ही शाळेत एका ओळीत पाठ केली होती : निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक. महाविद्यालयात गेल्यावर नाविकांच्या मागण्यांची यादी प्रथमच वाचली आणि एका मागणीपाशी थबकले. इंडोनेशियातून भारतीय सैन्य मागे घ्या! मुंबई बंदरातल्या नाविकाला जावा बेटाचे काय पडले होते? आजचा धागा या प्रश्नाचा.

२/
जपानच्या शरणागतीनंतर, १७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि हत्ता यांनी इंडोनेशियाचे स्वातंत्र्य जाहीर केले. डचांना ते मान्य नव्हते. पण महायुद्धाने खिळखिळ्या झालेल्या हॉलंडजवळ तेथे धाडण्याइतके सैन्य नव्हते. जपान्यांना निःशस्त्र करणे आणि कैद्यांची सुटका करणे, या कामासाठी ब्रिटिशांनी फौज उतरवली. तिच्यात मोठा भरणा भारतीय सैनिकांचा होता. डच सत्ता परत येत आहे हे दिसताच संघर्ष पेटला.

३/
२५ ऑक्टोबरला ४९वी भारतीय ब्रिगेड सुराबाया बंदरात उतरली. पाचच दिवसांत तिचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. १० नोव्हेंबरला ब्रिटिशांनी शहरावर मोठा हल्ला चढवला. इंडोनेशिया आजही तो दिवस वीरदिन म्हणून पाळतो. या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते.

४/
मराठा पलटणीची भरती कोकणातून आणि साताऱ्याकडून होई. परळ-लालबागच्या गिरण्यांत येणारी माणसेही त्याच मुलखातली. माझे पणजोबा रत्नागिरीकडून येऊन परळच्या गिरणीत साचे चालवीत. त्यांचा धाकटा भाऊ पलटणीत गेला, इटलीत लढला आणि सुखरूप परतला. गावी त्यांच्या आईच्या हातात दोन मनिऑर्डरी पडत, एक गिरणीची आणि एक पलटणीची. सैन्य कुठे चालले आहे, ही चौकशी त्या चाळींत परक्याची नव्हती.

५/
परळला युद्धविरोधाची आठवणही होती. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींना न विचारता भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. २ ऑक्टोबरला मुंबईच्या सुमारे ९० हजार कामगारांनी एक दिवसाचा संप केला. नेतृत्व कम्युनिस्टांचे होते. पुढे सोव्हिएत रशियावर हल्ला झाल्यावर त्याच पक्षाने या युद्धाला लोकयुद्ध म्हणून पाठिंबा दिला, हेही सांगितले पाहिजे. इतिहास सोयीपुरता अर्धा सांगू नये.

६/
१८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार' या नौदल केंद्रात संप सुरू झाला आणि ७८ जहाजे, सुमारे २० हजार नाविक यांच्यापर्यंत पसरला. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सपाशी गोळीबार झाला. शहरातली माणसे नाविकांसाठी खाद्यपदार्थ घेऊन गेटवेकडे निघाली. २२ तारखेच्या हरताळाची हाक कम्युनिस्ट पक्षाने दिली. कामावर जा, असे वल्लभभाई पटेलांचे आवाहन होते. तरीही सुमारे ३ लाख कामगार बाहेर पडले.

७/
लष्कर रस्त्यावर आले. परळमध्ये परळ महिला संघाच्या कार्यकर्त्या कमल दोंदे गोळीने मारल्या गेल्या. सरकारी आकड्यांनुसार २२८ नागरिक ठार आणि १०४६ जखमी झाले. दुसऱ्या दिवशी नाविकांनी शरणागती पत्करली.

८/
हे सारे लोक इंडोनेशियासाठी रस्त्यावर उतरले, असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. कुणी नाविकांसाठी आले, कुणी महागाईने आणि रेशनच्या टंचाईने गांजून, कुणी गोळीबाराचा संताप मनात घेऊन. लुटालूट आणि जाळपोळही झाली. आणि जावातून अखेरची ब्रिटिश-भारतीय तुकडी निघाली ती थेट नोव्हेंबर १९४६च्या अखेरीस. त्या दृष्टीने मागणी लगेच पुरी झाली नाही.

९/
तरीही ती यादीत होती, ही गोष्ट मला मोठी वाटते. ज्यांच्या अंगावर साहेबाचा गणवेश होता, तेच विचारत होते : आमच्या हातांनी दुसऱ्या देशाचे स्वातंत्र्य का दाबता? पणजोबांच्या भावाला इटलीला पाठवताना त्याला किंवा त्याच्या आईला कुणी विचारले नव्हते. परळमध्ये पडलेल्यांना तरी त्यांचे मत कुणी विचारले होते? तो निर्णय लंडनमध्ये आणि दिल्लीत झाला. त्याची किंमत मात्र चाळीतल्यांनी मोजली.

१०/
पुढच्या वेळी परळला गेलात, तर उंच काचेच्या इमारतींमध्ये एखादी उरलेली चिमणी शोधा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आपल्याकडे मनिऑर्डर कुठून येत असे? उत्तर मिळाले तर येथे जरूर लिहा. मी वाचणार आहे.