जाणाऱ्या पाण्याची वाट

घरातल्या एकाच जागेला मराठीत दोन जुनी नावे आहेत. एक न्हाणी आणि दुसरे मोरी. 'न्हाण' हा शब्द संस्कृत 'स्नान'वरून प्राकृत 'ण्हाण'मार्गे आला. त्याच्याभोवती उटणे, तेल, ऊन पाणी, दिवाळीची पहाट असा सारा सुगंधी परिवार आहे. 'मोरी' म्हणजे मुळात सांडपाणी बाहेर जाण्याची वाट. रस्त्याखालून पाणी काढून देणाऱ्या बांधकामालाही आपण मोरीच म्हणतो. म्हणजे न्हाणी हे नाव स्नान करणाऱ्या माणसाच्या बाजूने पडले आणि मोरी हे नाव निघून जाणाऱ्या पाण्याच्या बाजूने. पुढे न्हाणीला 'घर' जोडले गेले, तिचे 'स्नानगृह' झाले, आणि मोरी मात्र स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात किंवा भांडी घासण्याच्या जागी अंग चोरून राहिली.

आमच्या ललित गद्याने येणाऱ्या पाण्यावर भरभरून प्रेम केले आहे. तांब्याचा बंब, घंगाळ, आजीचे उटणे यांच्या आठवणी किती निबंधांत वाचल्या याची गणती नाही. पाण्याने पवित्र होण्याच्या ध्यासाचे चित्र पाहायचे तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधले वडिलांचे सोवळे आठवावे. जाणाऱ्या पाण्याविषयी मात्र आमचे गद्य मितभाषी आहे. ते कुठे जाते, कोणाच्या दारावरून जाते आणि तुंबले तर कोण हात घालते, हे प्रश्न विचारायला 'नरक सफाईची गोष्ट' लिहिणाऱ्या अरुण ठाकूर व महम्मद खडस यांच्यासारख्यांना वेगळे पुस्तकच करावे लागले.

हे सारे आम्ही वर्गात कधी ना कधी बोललो होतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ते हातांनी कळले, एवढेच या लेखाचे निमित्त.

गोंदियातले आमचे घर १९५८ सालचे. न्हाणीघराची शेवटची डागडुजी १९८६ मधली. सहा इंची पांढऱ्या टाइल्स पिवळ्या पडलेल्या, मोझॅकची जमीन खडबडीत झालेली, कोपऱ्यात सिमेंटचा हौद आणि दाराशी चार बोटे उंच उंबरा. पलीकडे, एका भिंतीआड, उकिडवे बसण्याचा संडास. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आहे. आमच्यापैकी एकाची ती आई, दुसऱ्याची सासू. हौदाच्या काठाला धरून ती उठते, तेव्हा दाराबाहेर आमच्यापैकी कोणीतरी काही वाचत असल्याचे सोंग करून उभे असते. मधली भिंत पाडून दोन्ही जागा एक करायच्या, उंबरा काढायचा, कमोड आणि आधाराचा दांडा बसवायचा, एवढेच काम होते.

स्टाफरूममध्ये सगळ्यांचे म्हणणे एकच : 'मिस्त्री लावा की!' पाश्चात्त्य देशांत मजुरी परवडत नाही म्हणून माणसे आपले घर आपण दुरुस्त करतात. आपल्याकडे प्राध्यापकाने घमेले उचलले तर लोक प्रथम त्याच्या पगाराची आणि नंतर त्याच्या प्रकृतीची चौकशी करतात. लहान कामाला मिस्त्री मिळत नाही, ही आमची अडचण खरी होती. पण पुस्तकांच्या आधारे श्रमप्रतिष्ठा शिकवणाऱ्या दोन माणसांना स्वतःच्या हातांविषयी थोडे कुतूहल होते, हेही खरे. शेवटी गल्लीतल्या एका वयस्क मिस्त्रीभाऊंनी गुरुपद पत्करले. त्यांचे गुडघे आता बसून काम करू देत नाहीत. त्यांनी आपली पाणसळ, ओळंबा, गुण्या आणि थापी आम्हाला वापरायला दिली आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. नळाची आणि विजेची जोडणी जाणकारांवर सोपवली. फोडणे, भरणे, टाइल्स बसवणे हे आमचे.

गुजरातेतल्या मोरबीहून आलेल्या नव्या टाइल्सचे खोके उघडण्याची आम्हाला घाई होती. मिस्त्रीभाऊंनी पहिल्याच दिवशी ते खोके बाजूला सारले. 'सर, टाइल वाकडी बसली तं डोळ्याले दिसते. उतार चुकला तं पाणी सांगते, अन् पाणी रोज सांगते.' न्हाणीघराचे काम तोटीपासून नव्हे, मोरीपासून सुरू होते, हा त्यांचा पहिला पाठ. आधी पाणी बाहेर जाण्याचे तोंड पक्के करायचे. मग तिथून मागे मागे येत, मीटरमागे साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर या हिशेबाने, जमीन चढवत न्यायची. उतार कमी पडला तर पाणी साचते, जास्त झाला तर म्हाताऱ्या माणसाचा पाय टिकत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतीवर समपातळीच्या खुणा करताना आम्ही अर्धा दिवस घालवला. मोहेंजोदडोच्या घरांतही विटांच्या न्हाण्यांना असाच उतार होता आणि त्यांचे पाणी रस्त्याच्या गटारांत जात होते. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्याला आमचे काम समजावून सांगावे लागले नसते.

त्या तोंडाशी जे भांडे बसवतात त्याचे नाव मराठीच्या माणसाला सुखावणारे आहे. भारतातल्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या इंग्रजी पुस्तकांतही त्याला 'नहानी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी तिथे, साहेबाच्या भाषेत, निर्धास्त बसली आहे. त्याचे काम साधे आहे. सुमारे पाच सेंटिमीटर पाणी त्यात सदैव अडून राहते आणि तेवढ्या पाण्याच्या पडद्यामुळे गटारातला वायू घरात येत नाही. संडासासाठी याच तत्त्वाची वाकडी नळी लंडनमधले घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये पेटंट केली. घर महिनाभर बंद राहिले की हे पाणी आटते आणि परतल्यावर वास येतो. आपण आणि आपली घाण यांच्यामध्ये एवढेच अंतर असते.

चौथ्या दिवशी संडासाच्या मागच्या भिंतीचा गिलावा काढताना जमिनीलगत वेगळ्या विटा दिसल्या. दीड फूट रुंद, फूटभर उंच, नंतर बुजवलेली एक चौकट. मिस्त्रीभाऊंनी खुर्चीतूनच पाहिले आणि काही बोलले नाहीत. आईला बोलावले. ती दाराला धरून उभी राहिली. 'टोपलीचा संडास होता,' ती म्हणाली. 'सेप्टिक टँक नंतर झाला. मागच्या गल्लीतून बाई यायची, तिथून टोपली ओढायची. भल्या पहाटे यायची.' तिचे नाव आम्ही विचारले. आई बराच वेळ आठवत राहिली. 'नाव कोणी विचारलंच नाही,' ती म्हणाली. 'दार वाजायचं. पत्र्याचं होतं. आवाज आला की कळायचं.'

कोरडे संडास बांधणे व वापरणे आणि हाताने मैला वाहून नेण्याच्या कामाला माणूस लावणे यांवर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, अधिक व्यापक कायदा २०१३ मध्ये. तरीही गटारात उतरून मरणाऱ्या सफाई कामगारांच्या कुटुंबांना किती भरपाई द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागते : २०१४ मध्ये १० लाख रुपये, २०२३ मध्ये ३० लाख. भिंतीतली चौकट बुजली, पण उतार तोच राहिला.

अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून उपोषण केले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनीही येरवड्यात अन्न सोडले. त्या कथेशी आमच्या सुट्टीतल्या उद्योगाचे नाते जोडणे हास्यास्पद ठरेल. त्यांनी दुसऱ्यांच्या वाट्याचे काम मागून घेतले होते. आम्ही आमच्याच मोरीत हात घातला, तोही रबरी मोजे घालून.

मात्र जाणाऱ्या पाण्याचा मान ठेवणारी एक परंपरा आमच्याच भागात आहे. कोहळी समाजाच्या कौशल्यासाठी ओळखले जाणारे इथले जुने तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर 'माजी मालगुजारी', म्हणून लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' झाले. अशा तलावाची पाळ कितीही भक्कम असो, त्याचे आयुष्य सांडव्यावर ठरते. जादा पाणी कुठून जाईल आणि खालच्या कोणत्या बांधीत उतरेल, हे आधी ठरवावे लागते. तिथे खालचा शेतकरी हिशेबात असतो. घराच्या मोरीखाली कोण आहे, हे मात्र गृहीत धरलेले असते. आमच्या न्हाणीचे पाणी गल्लीतल्या उघड्या नालीत जाते. या जिल्ह्याचे पाणी शेवटी वैनगंगेला मिळते, आणि बांधकामाची वाळूही आम्ही तिच्याकडूनच आणतो.

चौकटीचे काय करायचे, यावर आमच्यात दोन दिवस मतभेद होते. एकाचे म्हणणे, ती दिसू द्यावी. दुसऱ्याचे म्हणणे, कोणाच्या तरी अपमानाची जागा आमच्या सुसंस्कृतपणाची शोभा होता कामा नये. पाण्याने आमचा वाद मिटवला : आतली भिंत ओल धरू नये म्हणून टाइल्स लावणे भाग होते. गल्लीच्या बाजूला मात्र आम्ही तेवढ्या भागाचा गिलावा केला नाही. विटांची चौकट तिथे दिसते. कोणी विचारले तर काय होते ते सांगतो. अजून दोघांनी विचारले.

एकवीस दिवसांनी काम संपले. दोन टाइल्सच्या मधल्या रेषा ठिकठिकाणी जाड-बारीक आहेत. मिस्त्रीभाऊंनी बादलीभर पाणी दूरच्या कोपऱ्यात ओतायला सांगितले आणि खुर्चीतून पुढे वाकून पाहत राहिले. पाणी कुठेही न थांबता जाळीपाशी गेले. आता आई दांडा धरून उठते, आणि दाराबाहेर कोणाला उभे राहावे लागत नाही.