गाण्याचा धनी कोण?

चीन देशाविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गाचें ज्ञान फार जुन्या पुस्तकांवर पोसलेलें असतें. ह्युएनत्संगाचा प्रवास, अफूचीं युद्धें आणि सोलापूरच्या डॉ. कोटणिसांची हकीकत, एवढ्या शिदोरीवर आम्ही त्या प्रचंड राष्ट्राविषयीं मतें बनवून मोकळे होतों. तेथील लोक गातात काय, याची चौकशी आम्ही सहसा करीत नाहीं. गल्लोगल्लीं वाजणारीं गाणीं हा विद्वानांचा विषय नव्हे, अशी आमच्या व्यवसायांत एक समजूत आहे. राज्यकर्त्यांची समजूत तशी नसते, आणि या बाबतींत आम्हांस त्यांची परीक्षा प्राध्यापकांहून अधिक पक्की वाटते.

१९७८ च्या डिसेंबरांत अमेरिकेनें बीजिंग सरकारास मान्यता देण्याचें व तैवानशीं राजनैतिक संबंध तोडण्याचें जाहीर केलें. त्या अपमानाच्या भरांत तैपेई येथील हौ दजियान नांवाच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें ‘ड्रॅगनचे वंशज’ हें गीत रचलें. तैवानांत त्या वेळीं लष्करी कायदा होता. १९४९ पासून १९८७ पर्यंत अडतीस वर्षें तो चालला. सरकारास गीत पसंत पडलें, लोकांच्याही तोंडीं बसलें. पुढें १९८३ सालीं कवीच मुख्य चीनमध्यें निघून गेला, आणि गाण्यांतील एक अक्षरही न बदलतां तें रातोरात राजद्रोही ठरलें! तैवानच्या रेडिओनें त्यास रजा दिली आणि पलीकडच्या तीरावर तें मानानें वाजूं लागलें.

गोष्ट एवढ्यावर थांबती तर दैवाची गंमत म्हणून आम्ही ती सोडून दिली असती. परंतु १९८९ च्या वसंतांत बीजिंगच्या तिआनानमेन चौकांत लोकशाहीची मागणी करीत विद्यार्थी जमले, आणि त्यांच्याही तोंडीं हेंच गीत होतें. त्यांच्या पुढाऱ्यांपैकीं उरकेश हा उईघुर. गाण्यांतील वंशाच्या रूपरंगाचें वर्णन आपणांस लागू पडत नाहीं, असें त्यानें हौ यास सुनावलें; आणि हौ यानें ती ओळ बदलली. आपली लोकप्रिय ओळ दुसऱ्याच्या सांगण्यावरून बदलणारे कवि आम्हांस तरी फार भेटलेले नाहींत. २ जून रोजीं लिउ शियाओबो व आणखी दोघांसह तो चौकांत उपोषणास बसला. ४ जूनच्या पहांटेपूर्वीं, भोंवतालच्या रस्त्यांवर सैन्याच्या गोळ्यांनीं माणसें पडत असतां, हा गाणीं रचणारा मनुष्य एका सोबत्यासह सैन्याधिकाऱ्यांना सामोरा गेला, आणि चौकांत उरलेल्या विद्यार्थ्यांना बाहेर पडण्याची वाट त्यानें मागून घेतली.

लिउ यास २०१० चें नोबेल शांतता-पारितोषिक तुरुंगांत असतांना मिळालें, आणि २०१७ सालीं बंदिवासांतच त्यास मृत्यूनें गांठलें. हौ यास १९९० मध्यें तैवानला परत धाडण्यांत आलें. २०११ सालीं मात्र बीजिंगच्या विशाल क्रीडांगणांत तोच तेंच गीत गात होता. यावर नाकें मुरडणारे पुष्कळ निघतील. आम्ही त्यांत नाहीं. ज्यानें ती रात्र पाहिली त्यानें पुढें काय गावें, हें आरामखुर्चींतून सांगण्याचा अधिकार आम्हांस वाटत नाहीं.

तैवानच्याच तेरेसा तेंग हिचीं गाणीं केवळ प्रेमाचीं. तीं ऐकून कोणी बंड करील अशी शंकाही कोणास येऊं नये. परंतु ज्या देशांत वर्षानुवर्षें सामुदायिक जयघोषांखेरीज कांहीं कानीं पडलें नव्हतें, तेथें एका बाईनें हळू आवाजांत ‘मी’ म्हणणें हेंच नवल होतें. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत चिनी सरकारनें हें संगीत मन बिघडविणारें म्हणून निषिद्ध ठरविलें. लोक कॅसेटीवरून कॅसेटी उतरवून तें ऐकत राहिले. तिकडे चिनी किनाऱ्यासमोरील किनमेन बेटावर तैवानच्या सैन्यानें १९६७ सालीं अठ्ठेचाळीस कर्ण्यांची एक भिंतच उभारली होती; तींतून पुढें हिचा आवाज समुद्रापार सोडला जाई. एका सरकारनें त्या आवाजास विष म्हटलें, दुसऱ्यानें त्याचा दारूगोळा केला; गाणें म्हणून ऐकलें तें लोकांनींच. २७ मे १९८९ रोजीं विद्यार्थ्यांच्या पाठिंब्यासाठीं हाँगकाँगच्या घोडदौडीच्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमांत ती गायिली. मुख्य चीनच्या भूमीवर ती कधींच गाऊं शकली नाहीं; ८ मे १९९५ रोजीं, बेचाळीस वर्षांची असतां, थायलंडांत तिचें निधन झालें.

हाँगकाँगांत २०१४ सालीं एकूणऐंशी दिवस रस्ते अडवून बसलेल्या छत्रीधारी तरुणांनीं जें गाणें आपलेंसें केलें, तें बियाँड नांवाच्या वाद्यवृंदाचें, १९९३ मधील; विषय त्या कलावंतांचीच धडपड. पण आमच्या ‘कीचकवधां’त तरी कर्झनसाहेबांचें नांव कोठें होतें? प्रेक्षकांस तें दिसलें, आणि १९१० सालीं सरकारासही दिसलें.

२०१९ च्या चळवळींत मात्र कोणा अनामिकानें मुद्दाम गीत रचलें, ‘ग्लोरी टु हाँगकाँग’. दुकानांच्या मोठमोठ्या दालनांत उभे राहून लोक तें एकसुरांत गात. ३० जून २०२० रोजीं राष्ट्रीय सुरक्षेचा कायदा आला. त्यानंतर अर्हू नांवाच्या दोन तारांच्या वाद्यावर त्याची नुसती चाल वाजविणाऱ्या एका वृद्धासही न्यायालयाची पायरी चढावी लागली. सरकारनें गाण्यावरच मनाई मागितली. २०२३ मध्यें एका न्यायाधीशानें ती नाकारली, ८ मे २०२४ रोजीं वरिष्ठ न्यायालयानें दिली. राजद्रोही किंवा फुटीर हेतूनें हें गीत पसरवूं नये, असा हुकूम आहे, आणि तो शब्दांप्रमाणें चालीसही लागू आहे. शीळ घालणाऱ्याचा हेतु कसा मोजावा, हा प्रश्न पोलिसांनीं सोडवावयाचा.

त्याच हुकुमांत एक सवलतही आहे. वृत्तपत्रांचें कायदेशीर काम व विद्वानांचा अभ्यास यांस ही मनाई लागू नाहीं. तेव्हां हाँगकाँगच्या महाविद्यालयांत या गीताच्या यमकांची चिकित्सा खुशाल चालूं शकेल, शब्द फळ्यावरही लिहितां येतील. गाऊन दाखवावयाचें कीं नाहीं, हें ज्या त्या प्राध्यापकानें ठरवावयाचें आहे.